फतव्याचा जावक क्रमांक

३ फेब्रुवारी २०१५ रोजी इस्लामिक स्टेटने एक चित्रफीत प्रसृत केली. जॉर्डनचा वैमानिक मुआझ अल-कसासबेह याला पिंजऱ्यात कोंडून जिवंत जाळल्याचे ते चित्रण होते. त्याच सुमारास संघटनेच्या संशोधन व फतवा विभागाचा एक कागद उजेडात आला. त्यावर तारीख होती २० जानेवारीची. काफिराला मरेपर्यंत जाळणे योग्य आहे काय, असा प्रश्न. आणि हनफी व शाफी परंपरेतील विद्वानांच्या आधाराने ‘होय’ असे उत्तर. आगीने शिक्षा करण्याचा अधिकार एकट्या ईश्वराचा, अशा अर्थाची हदीस सर्वश्रुत आहे. ती मनाई नव्हे, केवळ नम्रता शिकवणारे वचन आहे, असा खुलासा करून तो अडसरही दूर केला होता. जॉर्डन सरकारच्या म्हणण्यानुसार मात्र वैमानिकाला ३ जानेवारीलाच मारण्यात आले होते. ते खरे असेल, तर आधी माणूस जाळला, मग परवानगी लिहिली आणि शेवटी चित्रफीत दाखवली, असा क्रम लागतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मग सगळे स्पष्टच आहे: धर्म हा बुरखा, आत निव्वळ सत्तालालसा आणि क्रौर्य. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या १२६ इस्लामी विद्वानांनी संघटनेचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादीला खुले पत्र लिहून त्याचा एकेक धार्मिक दावा खोडून काढला. वर्षभराने भारतातल्या हजाराहून अधिक उलेमा-मुफ्तींनी इस्लामिक स्टेटविरुद्ध फतवा दिला. त्या मोहिमेची सूत्रे मुंबईतून हलली होती. उलट बाजूला, हे लोक ग्रंथ उघडूनच बोलतात, तेव्हा त्यांना इस्लामबाह्य ठरवणे ही सोयीची पळवाट आहे, असे सांगणारे पत्रकार आणि अभ्यासक होते. ‘हा इस्लाम आहे की नाही?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. श्रद्धावंतांसाठी तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण एखादी सशस्त्र संघटना लाखो लोकांवर राज्य कशी करते, हे त्यातून कळत नाही. ते कळायचे तर कागद कोणी काढला, कोणासाठी काढला, कधी काढला आणि कोणती अडचण उभी राहिली म्हणून काढला, हे विचारावे लागते.

परंपरेने फतवा म्हणजे मुफ्तीचे मत. ते मानायचे की दुसऱ्या मुफ्तीकडे जायचे, हे विचारणाऱ्याच्या हाती. बंधनकारक निवाडा काझीचा. जून २०१४ मध्ये इराकमधले मोसुल शहर घेऊन खिलाफत जाहीर केल्यावर इस्लामिक स्टेटने हा फरकच पुसून टाकला. फतव्यावर शिक्का आला, तारीख आली, क्रमांक आला. आपल्याकडे मंत्रालयातून जीआर निघावा, तसा तो खाली जाऊ लागला. वैमानिकासंबंधीचा फतवा साठाच्या आसपासच्या क्रमांकाचा आहे, आणि त्याच जानेवारीअखेरीस निघालेला चौसष्ट क्रमांकाचा फतवा माझ्या मते या सगळ्या दप्तरातला सर्वांत बोलका कागद आहे.

मे २०१५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी सीरियातल्या देर अल-झोर प्रांतात छापा घालून संघटनेचा तेलव्यवहार पाहणाऱ्या अबू सय्यफला मारले. तिथे सापडलेल्या कागदांत हा फतवा होता. त्या डिसेंबरात रॉयटर्सने तो प्रसिद्ध केला. विषय: गुलाम केलेल्या स्त्रियांशी संभोगाचे नियम. पंधरा कलमे. मायलेकी एकाच मालकाकडे असतील तर त्याने दोघींशी संबंध ठेवू नये. बापाने जिच्याशी संबंध ठेवला तिच्याशी मुलाने ठेवू नये. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या स्त्रीशी दोघांपैकी कोणीच ठेवू नये. तिच्याशी दयेने वागावे, छळ करील अशा माणसाला विकू नये. वाचताना अंगावर काटा येतो तो कुठल्या धमकीमुळे नव्हे. या सुबक, शांत, नियमबद्ध भाषेमुळेच येतो. आणि फतव्याच्या आरंभीच कबुली आहे की काही ‘बंधूं’कडून या बाबतीत गैरप्रकार झाले आहेत.

ही कबुली फार मोलाची आहे. बाहेरच्या जगासाठी काढलेल्या ‘दाबिक’ या मासिकाने ऑक्टोबर २०१४ च्या अंकात गुलामगिरीचे पुनरुज्जीवन अभिमानाने मिरवले होते. ३ ऑगस्ट २०१४ ला इराकमधल्या सिंजारवर हल्ला करून पळवलेल्या, अल्पसंख्याक यझिदी समाजातल्या स्त्रियांचा ‘मामला’ तिथे शास्त्रशुद्ध, सुव्यवस्थित म्हणून रंगवला होता. तीनच महिन्यांनी संघटनेचे स्वतःचे कार्यालय लिहिते की आपले लोक ऐकत नाहीत. प्रचारपत्र बाहेर दाखवायला, फतवा आत आवरायला; दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ नीट लागत नाही. अभ्यासक चार्ली विंटर यांनी २०१५ च्या जुलै-ऑगस्टमधल्या एका हिजरी महिन्यात संघटनेचे हजारावर प्रचारतुकडे गोळा केले. त्यांतले निम्म्याहून अधिक नागरी जीवनाचे होते: बाजार, दुरुस्त होणारे रस्ते, वाटली जाणारी मदत. आपल्या वर्तमानपत्रांत शिरच्छेदच आले, कारण बातमी तीच होती. प्रत्यक्षात ही संघटना स्वतःची जाहिरात एक चालते सरकार म्हणून करत होती.

सरकार म्हटले की कागद आला, आणि कागद म्हटला की माणूस त्यातून गळतो. चौसष्ट क्रमांकाच्या फतव्यात एकाही स्त्रीचे नाव नाही. गुलाम केलेल्या यझिदी स्त्रियांपैकी नादिया मुराद यांनी पळून जायचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यांनी शिक्षा म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. पंधरा कलमांत अशा अनुभवाचा मागमूस नाही. विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला फलुजामध्ये उन्हात बांधून ठेवून तहानेने मरू देणाऱ्या इराकी माणसाला फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जन्मठेप दिली. इस्लामिक स्टेटच्या सदस्याला यझिदींच्या वंशसंहाराबद्दल झालेली ती जगातली पहिली शिक्षा. त्या खटल्यात मुख्य साक्ष त्या मुलीच्या आईची होती. हे मुद्दाम सांगतो, कारण दप्तर हाती लागले की अभ्यासकाला सत्यच हाती लागल्याचा भास होतो.

मराठी वाचकाला हा भास नवा नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदाचे वेड लावले ते आपण शंभर वर्षे अभिमानाने बाळगतो आहोत, आणि बनावट पत्रांवरचे वादही तितक्याच हिरिरीने घालतो आहोत. जुलै २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने मोसुलमधल्या स्त्रियांची खतना करण्याचा आदेश काढल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या एका अधिकाऱ्याने सांगितले. जगभर बातमी झाली. मोसुलमधल्या लोकांनी असे काही ऐकलेच नव्हते, आणि फिरत असलेला कागद संशयास्पद होता. ज्यांच्याबद्दल काहीही खरे वाटू शकते, त्यांच्या नावे काहीही खपवता येते. आयमन जवाद अल-तमीमी यांच्यासारखे अभ्यासक प्रत्येक कागदाचा शिक्का, कार्यालयाचे नाव, तारखेची पद्धत तपासत बसतात ते त्यासाठीच. अमेरिकी पत्रकारांनी संघटनेच्या दप्तराची पंधरा हजारांवर पाने मोसुल परिसरातून उचलून नेली, तेव्हा इराकी विद्वानांनी ‘हे दप्तर कोणाचे?’ असा रास्त प्रश्न विचारला. त्या पानांत कर भरणाऱ्या, जमीन कसणाऱ्या साध्या माणसांचीही नावे होती, आणि अशा नावापुढे ‘सहकार्य केले’ असा शेरा बसायला वेळ लागत नाही.

आता बुरख्याच्या सिद्धान्ताकडे परत येतो, कारण तो जितका आकर्षक तितकाच अपुरा आहे. १७ मे २०१७ रोजी मोसुल हातचे जात असताना इस्लामिक स्टेटच्या सर्वोच्च समितीने एक परिपत्रक काढले. विषय युद्धाचा नव्हता, रसदीचा नव्हता, तकफीरचा होता. म्हणजे कोणाला धर्मबाह्य ठरवायचे, आणि जो असे ठरवायला कचरतो त्याचे काय करायचे, याचा. संघटनेतल्या एका अतिकडव्या गटाचे म्हणणे होते की काफिराला अज्ञानाची सवलत देणाराही काफिर. मग त्या सवलत देणाऱ्याला सवलत देणारा? आणि त्याच्या पुढचा? या साखळीला अंत नाही. या गटातल्या काहींना संघटनेने आधी ठारही केले होते; आता परिपत्रक त्यांच्याकडे झुकले. फतवा विभागाचा प्रमुख राहिलेला बहारीनी तुर्की अल-बिनाली याने दोनच दिवसांत समितीला पत्र लिहून त्यातल्या चुका दाखवल्या. ३१ मे रोजी सीरियातल्या मायादीनमध्ये हवाई हल्ल्यात तो मारला गेला. सप्टेंबरमध्ये समितीने परिपत्रक मागे घेतले.

शहर पडत असताना नुसत्या बुरख्याच्या शिलाईवरून कोणी भांडत नाही. ही माणसे आपल्या शास्त्राला खरोखर मानत होती, निदान त्यांच्यातली बरीचशी. पण वैमानिकाच्या बाबतीत तेच शास्त्र कृत्यामागून धावत आल्यासारखे दिसते. दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयाच्या परिघात घडल्या. श्रद्धा की सोय, यांतले एकच निवडायचा हट्ट धरला की यांतला एक कागद डोळ्यांआड करावा लागतो. बिनालीलाही मी विरोधी आवाज म्हणून मोठा करणार नाही. गुलामगिरीचे नियम लिहिणाऱ्या यंत्रणेचाच तो माणूस; त्याचे भांडण ‘कोणाला मारायचे’ याच्या हद्दीबद्दल होते.

कागदांचे असे वाचन आज अफगाणिस्तानात जास्त उपयोगी पडेल. तिथे तालिबानचे सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांनी २०२२ मध्ये तालिबानच्या ‘इस्लामी अमिराती’च्या राज्यव्यवस्थेवर अरबीतून ग्रंथ काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये सदाचाराचा पस्तीस कलमी कायदा रीतसर राजपत्रात छापला गेला, आणि स्त्रीचा आवाजही त्यात झाकण्याच्या गोष्टींत आला. जानेवारी २०२५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनी मुलींच्या शिक्षणबंदीला काहीही आधार नाही, असे जाहीर सभेत सांगितले. थोड्याच दिवसांत ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या. कंदहारहून, म्हणजे तालिबानच्या सर्वोच्च नेत्याकडून, निघणारा प्रत्येक नवा हुकूम जनतेसाठी आहे की अशा सहकाऱ्यांसाठी, हे त्या त्या हुकमाची तारीख पाहून तपासता येईल.