शिकवणाऱ्याने कोणाकडून शिकावे?

शिक्षकाला शिकण्याची गरज असते का, आणि असल्यास त्याला शिकवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा दिसतो. मुळात तो ज्ञान आणि अधिकार यांच्या नात्याचा आहे. भारतीय समाजात त्याची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. एका उत्तरानुसार शिक्षक हा गुरू आहे, त्याच्या वर कोणी नाही, म्हणून त्याला शिकवण्याचा विचारही अनुचित. दुसऱ्यानुसार तो शासनाचा नोकर आहे, वरून आलेला आदेश पाळणे एवढेच त्याचे काम. ही उत्तरे परस्परविरोधी असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. दोन्हींत शिक्षकाला 'मला हे जमत नाही' असे म्हणता येत नाही. गुरूला ते शोभत नाही आणि नोकराला ते परवडत नाही. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी भारतीय शिक्षकाचे वर्णन वर्गात हुकूमशहा आणि वरिष्ठांपुढे दीनवाणा असे केले, त्यामागे हीच कोंडी आहे.

पहिले उत्तर परंपरेच्या नावाने दिले जात असले तरी परंपरा तसे सांगत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या संपवून निघालेल्या शिष्याला अध्ययन आणि अध्यापन ही दोन्ही कधी न सोडण्याची आज्ञा आहे. शिकवणे सुरू झाले म्हणून शिकणे थांबत नाही. वऱ्हाडात तर या विचाराला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरपासून सुरू होतो.

तेराव्या शतकात रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव होते. चक्रधरस्वामींना ज्ञानशक्ती येथेच लाभली, असे महानुभाव पंथ मानतो. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या अनुयायांपुढे जो पेच उभा राहिला, तो प्रत्येक शिक्षकसमूहापुढे उभा राहतो: गुरू नाही, आता शिकायचे कसे? म्हाइंभटांनी त्यावर काढलेला मार्ग विलक्षण होता. ज्यांनी ज्यांनी चक्रधरांचे वागणे-बोलणे प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते, त्यांना गाठून त्यांच्याकडून त्यांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. इ. स. 1278च्या सुमारास सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' या शोधातून उभे राहिले. येथे ज्ञान एका व्यक्तीच्या आसनावरून खाली वाहत नाही. समुदाय ते आपसांत विचारून, ताडून, दुरुस्त करून सांभाळतो. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, तेही यासाठी की पंथातल्या साध्या बायकामाणसांना आपल्या भाषेतले ज्ञान अंतरू नये. शिकवणाऱ्याचा कस सर्वांत मागे बसलेल्या श्रोत्यावर लागतो, ही दृष्टी त्यात आहे.

सहाशे वर्षांनंतर याच जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी गुरुपद नाकारले आणि कोणाला शिष्य केले नाही. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत संवादपद्धती म्हणून जे वर्णिले जाते, ते त्यांनी शाळेची पायरी न चढता साधले. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त 'जीवन शिक्षण' हा स्वतंत्र अध्याय घातला आणि शिक्षण श्रमाशी व गावाच्या जगण्याशी जोडले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना 1914 मधली, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले. 1936 साली त्याच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. आखाड्यात वस्तादाला स्वतःची मेहनत सोडून चालत नाही, कारण त्याचे न जमणे सर्वांना दिसते. वर्गातल्या शिक्षकाचे न जमणे मात्र चार भिंतींत वर्षानुवर्षे झाकून राहू शकते.

दुसरे उत्तर, म्हणजे नोकराचे, इंग्रजी अमलाबरोबर आले. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे शाळा, शाळा तपासणारे साहेब आणि शेरेबुक हे सारे रीतसर उभे राहिले. इंग्लंडात 1862च्या नियमावलीने परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरवले आणि हिंदुस्थानातल्या काही प्रांतांनीही तो कित्ता गिरवला. तपासनीस येणार म्हणून धडे पाठ करून घेण्याची सवय तेव्हाची आहे.

या दोन्हींहून वेगळी वाट 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने दाखवली. नई तालीमचा विचार तेथे मांडला गेला आणि मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने विद्यामंदिर योजना हाती घेतली. 1938 साली वर्ध्याला तिच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा उघडली. शिक्षक हाताने काम करत शिकेल आणि तसेच शिकवेल, हा त्यातला भाग मोलाचा होता. पण त्याला त्यागाची जोड होती: थोडक्या वेतनावर दीर्घ सेवा. त्यागाचा आदर्श व्यक्तीने स्वतःहून पत्करला तर तो तेजस्वी असतो. व्यवस्थेने तो दुसऱ्यावर घातला की ती काटकसर होते. महाराष्ट्रात 2000 सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर ठेवले जाते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन 2023 मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. ज्या तीन वर्षांत अनुभवी सोबतीची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षांत सर्वांत कमी दिले जाते, हा हिशेब न्यायाचा नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 5 ऑक्टोबर 1966 रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी स्वीकारलेल्या शिफारशीत अध्यापन हा व्यवसाय मानला आहे: त्याला सतत अभ्यासातून कमावलेले कौशल्य लागते, आणि ते कमावण्याची सोय करणे ही समाजाची जबाबदारी ठरते.

आजची रचना कागदावर तरी या जबाबदारीची जाण ठेवते. 1986च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. अमरावतीला आणि अकोल्याला त्या आहेत. तालुक्याला गटसाधन केंद्र, त्याखाली साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रातल्या शिक्षकांनी दरमहा एकत्र बसावे म्हणून शिक्षण परिषद. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. शिक्षण परिषदेत तर रिद्धपूरच्या समुदायाचे बीज आहे. पण पत्रकांचे वाचन, माहिती भरण्याच्या सूचना आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतच वेळ गेला तर 'कालचा धडा मुलांना का कळला नाही' हा विषय मागे पडतो. प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात उतरताना दर पायरीला पातळ होते. शिक्षण हक्क कायद्याचे 27वे कलम शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांपलीकडची अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण ही तीन कामेही थोडकी नाहीत.

या साऱ्याची खरी परीक्षा मेळघाटात होते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत मुलांची घरची भाषा कोरकू आहे, जी मुंडा कुळातली असून मराठीशी तिचे नाते नाही. व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसित झालेली कोरकू गावे अकोला जिल्ह्याच्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतही आहेत. एका खोलीत दोन-तीन इयत्ता, समोर अनोळखी भाषा, आणि पदविकेच्या अभ्यासक्रमात यासाठी फारशी तयारी नाही. अशा शिक्षकाला पुण्याहून आलेल्या पुस्तिकेपेक्षा शेजारच्या पाड्यावर दहा वर्षे काढलेल्या सहकाऱ्याचा उपयोग अधिक. कोलंबियात 1970च्या दशकात याच प्रकारच्या बहुवर्गी ग्रामीण शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा' सुरू झाली, तेव्हा शिक्षकांची छोटी मंडळे हा तिचा कणा ठरला. जपानात एक शिक्षक धडा घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात, आणि मग धड्याची चर्चा होते. ती प्रथा मेइजी काळापासूनची आहे.

ही पद्धत येथे रुजण्यात अडचण आहे ती अधिकाराच्या स्वरूपाची. केंद्रप्रमुखाने मदतही करायची आणि अहवालही पाठवायचा असतो. न्यायनिवाडा ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे उणीव उघड करण्याइतका विश्वास सहज निर्माण होत नाही. म्हणून तपासणी आणि मार्गदर्शन यांसाठी वेगळी माणसे असावीत, असे सुचवले जाते. ते योग्य आहे, पण पुरेसे नाही. मार्गदर्शकाने स्वतः वर्ग घ्यावा, तोही सर्वांसमोर आणि कोरकू मुलांच्या वर्गात, आणि फसलेल्या जागा शिक्षकांना दाखवू द्याव्यात. मग उणीव सांगणे हे दोघांचेही काम होते, आणि महिन्याच्या परिषदेत शिक्षकाला स्वतःचा फसलेला धडा मांडण्याची सोय होते.