सोडायचं कोणी?

या जगात वस्तू धरून ठेवणारे हात पुष्कळ. सोडणारा हात मात्र ऐन वेळी खिशात असतो. कुठल्याही मध्यमवर्गीय घराचा माळा पाहा. तिथे एक मोडका पाळणा हमखास असतो. तो कोणाचा, असं विचारलं की तीन बहिणी आणि दोन भाऊ हक्क सांगायला पुढे येतात. "मग टाकायचा का?" असं विचारलं की तेच पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मालकीला पाच जण आणि भंगारवाल्याला हाक मारायला एकही नाही!

हा पेच संगणकालाही सुटलेला नाही, ही बातमी मला माझ्या भाच्याकडून कळली. तो पुण्यात प्रोग्रॅम लिहितो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा मी सहज विचारलं, "सध्या काय चाललंय रे?"

"मामा, सी मधली एक लायब्ररी सांभाळतोय."

आमच्या सौभाग्यवतींना कोण आनंद झाला! "म्हणजे ग्रंथपाल झालास होय? बरं झालं बाबा, ती रात्रपाळी तरी सुटली."

भाच्याने शांतपणे करंजी संपवली आणि मग आम्हा दोघांची शिकवणी घेतली. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरावीत अशी तयार कामं करून ठेवलेली पेटी. आणि सी म्हणजे डेनिस रिची या गृहस्थांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवलेली संगणकाची भाषा. हिचा स्वभाव मला जुन्या वळणाच्या हेडकॅशियरसारखा वाटला. 'मॅलॉक' म्हणून मागाल तेवढी मेमरीतली जागा मुकाट्याने देईल. पण काम झाल्यावर 'फ्री' म्हणून ती परत करायची, याची आठवण मात्र करणार नाही. परत केली नाहीत तर प्रोग्रॅम संपेपर्यंत ती जागा अडून राहते. याला गळती म्हणतात. दोनदा परत केलीत तर हिशेबाची वहीच बिघडते. आणि परत करून पुन्हा वापरायला गेलात, तर सोडलेल्या खोलीचं दार जुन्या किल्लीने रात्री उघडावं आणि आत नव्या बिऱ्हाडाची आजी झोपलेली असावी, तशातली गत होते.

एकाने घेतलं, त्यानेच परत केलं, तर भांडणच नाही. पण लायब्ररीत एकच वस्तू दहा ठिकाणी वापरात असते. मग सोडायची कोणी? पहिल्याने सोडली तर नऊ जण उघड्यावर पडतात. कोणीच सोडली नाही तर आमचा पाळणा!

यावर जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली एक तोड सांगितली. प्रत्येक वस्तूच्या कपाळावर एक आकडा लिहायचा. कोणी वस्तू धरली की आकडा एकाने वाढवायचा, सोडली की एकाने कमी करायचा. शून्य झाला की वस्तू मोडीत. याला रेफरन्स काउंटिंग म्हणतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शून्य शिल्लक दिसली की मला जेवण गोड लागतं. शिवाय ही पद्धत मला ओळखीची वाटली. पूर्वी बँकेत पितळी टोकनं असत. संध्याकाळी ती मोजून पुरी भरली की कॅशियर घरी जायला मोकळा. एखादे आजोबा टोकन खिशात घालून घरी गेले, की झाली गळती!

पण मला खरी गंमत वाटली ती या पद्धतीमागच्या नीतिशास्त्राची. पायथॉन नावाची भाषा ज्या यंत्रणेवर मुख्यत्वे चालते ती सी मध्येच लिहिलेली आहे आणि तिचा कारभार याच आकड्यांवर चालतो. तिच्या नियमांत म्हणे असं स्पष्ट सांगितलंय, की वस्तूचा मालक कोणीही नसतो. आपण मालक असतो तो फक्त आपल्या धरण्याचा. हे वाक्य एखाद्या बुवांनी मांडवात उच्चारलं असतं तर आरतीच्या ताटात चांगली भर पडली असती! धरणं उसनंही घेता येतं. म्हणजे वस्तू बघायची, वापरायची, पण आकड्याला हात लावायचा नाही. काही कामं तर तुमचं धरणं चक्क 'चोरतात', आणि तसं कागदोपत्री लिहून ठेवतात. आमच्याकडे कोणी असं लिहून ठेवलं तर दक्षता विभाग दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील.

या पद्धतीतही एक खोट आहेच. दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं, की जगात तिसऱ्या कोणाला त्या नको असल्या तरी त्यांचे आकडे शून्यावर येत नाहीत. मला लगेच दोन रजिस्टरं आठवली. 'अ' रजिस्टर 'ब' वरून भरायचं आणि 'ब' रजिस्टर 'अ' शी ताडून पाहायचं. दोन्ही बिनचूक, दोन्ही निरुपयोगी! पायथॉनमध्ये २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशा जोड्या हुडकणारा एक झाडूवाला नेमला आहे. रजिस्टरांना तो अजून मिळायचा आहे.

आणि २०२३ सालच्या आवृत्तीत त्यांनी काही वस्तू अमरच करून टाकल्या. त्यांचा आकडा कधी हलतच नाही. त्यात कोण आहेत? सत्य, असत्य आणि 'काहीच नाही'. आमच्या आजोबांना याचं मुळीच आश्चर्य वाटलं नसतं.

मी भाच्याला विचारलं, "यात मोठं पाप कोणतं? आपलं न सोडणं, की दुसऱ्याचं परस्पर सोडून देणं?"

"मामा, दुसरं. गळतीने जागा वाया जाते, प्रोग्रॅम मंद होतो. पण तू न धरलेलं सोडलंस, तर ज्याने धरलंय त्याच्या पायाखालची जमीनच जाते."

सौभाग्यवती त्याच क्षणी गप्प झाल्या. आमच्या आईची एक जुनी साडी आठवड्यापूर्वीच बोहारणीकडे गेली होती.

पहिलं पाप आम्ही बँकवाले रोज पाहतो. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जातात. मालकाला किंवा वारसाला त्या पुढेही मागता येतात; शोधायला २०२३ पासून 'उद्‌गम' नावाचं पोर्टलही आहे. म्हणजे धरणारा उरला नाही तरी माणसाच्या वस्तू आपण लगेच मोडीत काढत नाही. यंत्रापेक्षा आपण एवढे तरी बरे.

दुसऱ्या पापाशी मात्र माझी गाठ दर महिन्याला पडते. एक आजी पासबुक छापायला येतात. खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली. नाव कमी करण्याचा अर्ज मी त्यांना दिलाय, काय काय जोडायचं तेही सांगितलंय. त्या म्हणतात, "पुढच्या खेपेला नक्की आणते हं." आमचा नवा मुलगा कुजबुजतो, "साहेब, किती दिवस चालायचं हे?" हिशेबाने पाहिलं तर तो बरोबर आहे. आकडा एकाने कमी व्हायला हवा.

पण तो कमी करायचा कोणी? ते धरणं आजींचं आहे. मी त्यांना आठवण करू शकतो, अर्ज भरून देऊ शकतो, सही कुठे करायची ते दाखवू शकतो. सोडण्याचं काम त्यांचं, आणि त्यांनी अजून सोडलेलं नाही. मी पासबुक छापून देतो. आजी चष्मा काढून पहिल्या पानावरची दोन्ही नावं वाचतात, पासबुक पिशवीत नीट ठेवतात आणि म्हणतात, "व्याज जमा झालंय हो."