जक्कयच्या घरी कोण जाणार?



गल्लीत चोरी झाली की आपली पहिली नजर कुठे जाते? गावाबाहेरच्या पालांकडे. कोणी पाहिलेले नसते, पुरावा नसतो; तरी "तेच असतील" असे आपण सहज बोलून जातो.

1871 साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का! आपल्या सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेत. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. कुंपण गेले; शिक्का मात्र आपल्या मनात राहिला.

गुन्हे का घडतात, यावर समाजशास्त्रज्ञांनी खूप विचार केला आहे. रॉबर्ट मर्टन यांनी 1938 मध्ये लिहिले, की समाज सर्वांना सुखाचे एकच स्वप्न दाखवतो, पण तिथवर जाण्याची वाट सर्वांना देत नाही. मग काही जण आडवाटेला लागतात. हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये दाखवले, की एकदा शिक्का बसला की सरळ मार्गाची दारे बंद होतात आणि माणूस शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो.

म्हणजे चोरी पाप नाही काय? आहेच. ज्याचे घर फुटले त्याचे अश्रू खरे आहेत. कित्येक गरीब उपाशी राहूनही प्रामाणिक राहतात. पण दारे बंद करणाऱ्यांचाही या पापात वाटा असतो.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 19) जक्कय भेटतो. गाव त्याला पापी म्हणून ओळखत होते. प्रभू येशूने त्याला नावाने हाक मारली आणि तो सुधारण्याआधीच त्याच्या घरी गेला. लोक कुरकुरले. पण त्याच दिवशी जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. दया आधी आली, न्याय तिच्यामागून आला.

आपल्याच जिल्ह्यात 2021 साली तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झाले. हातभट्ट्या कितीही फोडल्या तरी पुन्हा पेटत. तेव्हा पोलीस अधिकाऱ्यांनी मुळेगाव तांड्यासारखी ठिकाणे दत्तक घेतली, घरोघरी बोलणे केले आणि दुसरा कामधंदा मिळावा म्हणून खटपट केली. पोलीस हे करू शकतात, तर आपण ख्रिस्ती माणसे?

तुरुंगातून सुटून आलेल्याला आपल्या दुकानात काम देऊ का? पालावरचे मूल शाळेत आपल्या मुलाशेजारी बसले तर चालेल का? पुढच्या पापनिवेदनाआधी हे प्रश्न स्वतःला विचारू या. आणि "तेच असतील" हे शब्द ओठांवर आले, तर या आठवड्यात ते तिथेच थांबवू या.

हे प्रभो, आमच्या मनातील कुंपण तूच काढून टाक. आमेन.