दानाची मर्यादा : नोकरी, संसार आणि गाणे

नोकरी आणि संसार सांभाळून गाण्याची साधना करणाऱ्यापुढचा प्रश्न बहुतेकदा वेळेच्या गणिताचा मानला जातो. पहाटे किती वाजता उठावे, रियाज किती करावा, रजा कशासाठी राखून ठेवावी, अशी त्याची मांडणी होते. या गणिताच्या मुळाशी मात्र मालकीचा प्रश्न आहे. तानपुऱ्यापुढे जाणारा तास कोणाचा? गाणाऱ्याचा, पगार देणाऱ्याचा, की जेवायला थांबलेल्या घरच्यांचा? संतांनी प्रपंच आणि परमार्थ या जोडीत हाच प्रश्न हाताळला, आणि त्यांच्याही आधी धर्मशास्त्राने दानाच्या नियमांत त्याचे एक उत्तर देऊन ठेवले. ते उत्तर आजही उपयोगी पडते.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर हा प्रश्न दिवसाच्या घड्याळातच दिसतो. माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे करत हा रस्ता गायमुखाकडे जातो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. इथल्या सोसायट्यांतला नोकरदार बसने किंवा शेअर रिक्षाने ठाणे स्टेशन गाठतो आणि लोकलने मुंबईला जातो, नाहीतर रस्त्यानेच बोरिवली-अंधेरीकडे निघतो. जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास सहज जातात. आता हे वेळापत्रक हिंदुस्थानी संगीतातल्या रागसमयाच्या चक्राशेजारी ठेवून पाहावे. भैरव पहाटेचा, तोडी सकाळची, सारंग दुपारचा, त्यानंतर भीमपलास आणि मुलतानी, सूर्यास्ताच्या संधिप्रकाशात मारवा आणि पूरिया, रात्रीच्या पहिल्या प्रहरी यमन, पुढे बागेश्री आणि मालकंस. पगारी माणसाच्या वाट्याला सोमवार ते शुक्रवार या चक्राची दोन टोकेच येतात. सारंग, भीमपलास आणि मुलतानीच्या वेळी तो कचेरीत असतो. मारव्याच्या वेळी तो गर्दीत उभा असतो. मालकंसाची वेळ होते तेव्हा भिंतीपलीकडे शेजारी आणि अलीकडे स्वतःचे मूल झोपलेले असते. मैफलींनाही ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावर रात्री दहाची वेस घातली आहे. रविवार सकाळच्या मैफलींना नोकरदार वस्तीत जो मान आहे त्याचे कारण इथे सापडते: दुपारकडे झुकणारे राग ऐकायला आणि गायला या लोकांपाशी आठवड्यातला एवढाच दिवस उरतो.

या ओढाताणीवर परंपरेने दिलेले पहिले उत्तर असे की, ओढाताण मुळात नाहीच. काम हीच पूजा. अरणचा सावता माळी, तेरचा गोरा कुंभार, पंढरपूरचा नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपापला धंदा सोडला नाही. मळा, चाक, हातोडी, वस्तरा यांतूनच त्यांची भक्ती वाहिली. आपापल्या कर्मानेच ईश्वराची पूजा होते, ही गीतेच्या अठराव्या अध्यायातली शिकवण त्यांच्या जगण्यात उतरलेली दिसते. जात्यावरच्या ओव्यांत हे उत्तर संगीतापुरतेही खरे ठरले होते. दळणारी बाई गाण्यासाठी वेगळा वेळ काढत नव्हती. जात्याची फेरी हीच लय होती, आणि पीठ पडत असतानाच माहेर, विठ्ठल, लेकरू, सारे ओवीत येत होते. दळण गिरणीत गेले आणि त्या गाण्याची जागाही गेली. त्या जातीचे काहीसे अजून उरले असेल तर ते कल्याण-डोंबिवलीकडून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळांत. तिथे प्रवासाचा वेळच टाळ-चिपळ्यांना मिळतो आणि घरचे किंवा साहेबाचे एक मिनिटही खर्ची पडत नाही.

ख्यालगायकाला मात्र हे उत्तर पुरत नाही. सावत्याच्या मळ्यात कांदा आणि विठ्ठल एकाच मातीत उभे होते. हिशेबाच्या वहीत यमन उगवत नाही. आकाराचा रियाज, पलटे, बंदिशीचे पाठांतर, गुरूसमोर बसणे यांना दुसऱ्या कामातून सोडवून घेतलेला, अखंड, ताजा वेळ लागतो. कामालाच पूजा म्हणा, हा उपदेश अशा माणसाला केला की त्याची खरी अडचण झाकली जाते.

गृहस्थाला नादोपासनेचा अधिकार आहे का, ही शंका त्यापुढची. तिचे उत्तर देणारा ग्रंथ महाराष्ट्रातच लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा वैद्यकातले जाणकार. तो स्वतः राज्याच्या हिशेब खात्याचा प्रमुख होता. भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिला, ही गोष्ट नोकरीतल्या गाणाऱ्यांना फारशी कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी. त्याच्या ग्रंथात नादाचे दोन प्रकार येतात. अनाहत नाद योग्यांचा. तो मुक्ती देतो, पण मन रिझवत नाही. आहत नाद, म्हणजे आघाताने उमटणारा, कानाने ऐकू येणारा सूर, मन रिझवतो आणि संसाराचे बंधनही तोडतो. संसारात राहणाऱ्याला संसार न सोडता मिळणारा मार्ग म्हणून संगीताची जागा इथे स्पष्ट होते.

अधिकार असला तरी वेळ कुठून आणायचा हे राहतेच. त्यासाठी परंपरेत दुसरी कल्पना आहे: कामालाच पूजा न म्हणता, कामाच्या वेळेतून एक वाटा बाजूला काढून अर्पण करायचा. या कल्पनेचे विसाव्या शतकातले एक मोठे प्रात्यक्षिक घोडबंदर रोडशी जोडलेले आहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांनी १९५६ साली ठाण्यात स्थापन केलेले तत्त्वज्ञान विद्यापीठ याच रस्त्यावर आहे. त्यांच्याच स्वाध्याय परिवाराच्या 'योगेश्वर कृषी'त गावातले शेतकरी एका सामाईक शेतावर पाळीपाळीने येऊन राबतात. त्या दिवशी ते मजूर नसतात, पुजारी असतात. पिकणारे धान्य कोणाच्याही मालकीचे नसते. इथे दिला जातो तो पैसा नव्हे. माणूस आपले नैपुण्य आणि आपला दिवस देतो. घरचे शेत त्यामुळे पडीक राहत नाही, कारण पाळी ठरलेली असते. रियाजाचा तास असा पाहिला तर त्याचे रूप बदलते. तो चोरलेला राहत नाही, छंदाचा उरलासुरलाही राहत नाही. तो ठरलेल्या पाळीचा होतो, आणि ती पाळी कुणाला कळवून, कुणाच्या संमतीने ठरली हे विचारता येते.

हेच विचारायचे तर याज्ञवल्क्यस्मृतीकडे वळावे लागते, आणि त्या स्मृतीचा ठाण्याशी थेट संबंध आहे. तिच्यावरची 'मिताक्षरा' ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. दुसरी मोठी टीका 'अपरार्क' या नावाने ओळखली जाते. ती बाराव्या शतकातला शिलाहार राजा अपरादित्य याच्या नावावर आहे, आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजेच ठाणे. स्मृतीच्या व्यवहाराध्यायात काय देता येते आणि काय देता येत नाही याचा विचार आहे. द्यायचे ते स्वतःचे असावे आणि देण्याने कुटुंबाला बाध येऊ नये. कुटुंबाच्या भरणपोषणानंतर जे उरते ते देण्याजोगे, असे मिताक्षरेत स्पष्ट केले आहे. बायको आणि मूल दानात देता येत नाही. वंशज असताना सर्वस्व देता येत नाही. आणि जे आधीच दुसऱ्याला कबूल केले आहे तेही देता येत नाही.

हे नियम धनाबद्दल सांगितलेले असले तरी वेळेला लावले की नोकरदार गायकाचा गुंता बराच सुटतो. कचेरीचे तास पगाराच्या करारात कबूल झालेले आहेत. टेबलाखाली मोबाइलवर बंदिश ऐकत काम रेटणे हे कबूल केलेल्या वस्तूचे दान आहे, ते कितीही तळमळीने केले तरी. बाळंतपण, आजारपण, मुलांची परीक्षा या वेळा कुटुंबाच्या भरणाच्या आहेत. त्या ओलांडून केलेला रियाज उरलेल्यातला नसतो. सर्वांत अवघड अट वंशज असताना सर्वस्व न देण्याची. कलेला सर्वस्व द्यावे, असे कलावंतांच्या चरित्रांत मोठ्या आदराने लिहिलेले असते. मुले लहान असलेल्या माणसाला स्मृती तेवढी मोकळीक देत नाही, आणि या बाबतीत चरित्रकारांपेक्षा स्मृतिकार अधिक माणुसकीने बोलतात.

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग या नियमाजवळ जाणारा आहे. १६३०च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण त्याआधी त्यांनी खतांची वाटणी केली; धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपलाच अर्धा पाण्यात सोडला. भावाच्या मालकीला त्यांनी हात लावला नाही. पत्नी जिजाईचा आणि मुलांचा वाटा मात्र त्या बुडालेल्या अर्ध्यात होता, आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणाऱ्या जिजाईची आठवण लोकांनी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जपली, ती यासाठीच. लग्नाच्या मांडवातून निघून गेलेल्या समर्थांनीही दासबोधात आधी प्रपंच नेटका करण्याचा उपदेश केला आहे.

संगीताच्या इतिहासात या नियमाची दोन बोलकी उदाहरणे आहेत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वकील होते. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली मुलगी वारल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य देशभर हिंडून बंदिशी गोळा करण्यात, थाटपद्धतीची मांडणी करण्यात, 'क्रमिक पुस्तक मालिका' सिद्ध करण्यात घातले. सर्वस्व देण्याची अट त्यांच्या बाबतीत पूर्ण झाली ती घर रिकामे झाल्यामुळे. हे वाचताना त्या त्यागाचा गौरव करण्याआधी त्याची किंमत आठवावी. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांची गोष्ट वेगळी. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली आणि चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ गाण्याकडे वळले. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नोकरीने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली, असे म्हणण्याची रीत आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी वाटते: घर पगारावर चालत असल्यामुळे गाणे विकले जाण्यावर अवलंबून नव्हते, आणि त्या गाण्यातली बेधडक मोकळीक कुणाच्या मागणीनुसार घडलेली नाही. शार्ङ्गदेव आणि वसंतराव यांच्यामध्ये सातशे वर्षे आहेत. दोघांचीही रोजी हिशेबाच्या वहीवर होती.

स्मृतीचा नियम पुरुषाला उद्देशून आहे. पत्नी तिथे देण्या-न देण्याच्या यादीत येते, देणारी म्हणून नाही. त्या नियमाची ही मोठी उणीव आहे. गाणारी व्यक्ती स्त्री असते तेव्हा प्रश्न उलटा होतो. तिच्यापाशी स्वतःचा म्हणावा असा तासच नसतो, मग ती अर्पण कशाचे करणार? माणिक वर्मा (१९२६–१९९६) ख्याल, ठुमरी, नाट्यगीत आणि भावगीत गात राहिल्या आणि चार मुलींच्या आई होत्या. असे गाणे टिकायचे तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपला वेळ तिच्या नावावर करावा लागतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या घरात नोकरी करणारी बाई सातच्या क्लासला जाऊ शकते ती त्या संध्याकाळी कुकर कोणीतरी दुसरे लावते म्हणून. कुटुंबाला बाध न आणता देणे, ही अट तिला एकटीला घातली तर अन्याय होतो. कुटुंबानेही देणारे व्हावे लागते. देण्याचा विचार घरात बसून, सर्वांशी बोलून करावा, याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

निवृत्तीनंतर गाऊ, ही तडजोड पुष्कळ जण करतात. आश्रमव्यवस्थेत ती शोभून दिसते: आधी गृहस्थाश्रम, मग वानप्रस्थ. गळा मात्र आश्रम पाळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक सेवांत निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी येते, केंद्रात साठाव्या. तोवर न वापरलेल्या आवाजाचा दम आणि फिरत पुन्हा मिळवणे कठीण असते. ऐकण्याची जाण त्या वयात वाढू शकते, गाण्याची तयारी क्वचितच. म्हणून रोजची छोटी पाळी वीस वर्षे चालवणे हे वीस वर्षांनंतरच्या मोकळ्या दिवसांपेक्षा मोलाचे ठरते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, संन्याशाच्या धर्माच्या विवेचनात, वीणावादनाचे मर्म जाणणारा, श्रुती-जातींत निष्णात आणि तालाचे ज्ञान असलेला माणूस फारशा सायासावाचून मोक्षाच्या वाटेला लागतो, असे सांगितले आहे. त्याच विवेचनात पुढे, गृहस्थही मुक्त होतो, असे येते, आणि तो गृहस्थ कसा असावा हेही सांगितले जाते: तत्त्वज्ञानावर निष्ठा असलेला, अतिथींचे आगत करणारा, श्राद्ध करणारा, खरे बोलणारा. या गुणांच्या यादीत सर्वांत आधी येते न्यायाने मिळवलेले धन.