हरण्याची सोय

गावात कबड्डीचे सामने भरवायचे म्हटले की पहिला प्रश्न असतो, दिवस किती आणि वर्गणी किती. ३२ संघांनी नावं दिली आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचं ठरवलं, तर ४९६ सामने होतात. इतके पंच आणायचे कुठून आणि इतक्या जणांच्या जेवणाचं बघायचं कोणी? म्हणून चिठ्ठ्या टाकतात, जोड्या लावतात आणि हरेल तो घरी, असा नियम करतात. मग ३१ सामन्यांत काम भागतं. बाद पद्धत ही अशी टंचाईतून निघालेली युक्ती आहे. विजेता शोधायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग. पण तिला तेवढंच येतं. पहिल्याच दिवशी हरलेला संघ उद्या कसा खेळला असता, हे तिला कळत नाही आणि विचारायला तिच्याकडे सवडही नसते.

खेळात हे खपून जातं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या पडतात. हीच युक्ती घरात शिरते तेव्हा मात्र तिचा विचार करावा लागतो. आपल्या भागात ती शिरलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती मुलींनाच लागू होते. पण आधी मैदानावरचीच एक गोष्ट पाहू.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई अशी तीन ठिकाणं, १६ देश, ३२ सामने. आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळी एकदमच आली होती, त्यामुळे त्या स्पर्धेकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. वसुबारसेच्या दिवशी नवी मुंबईत उपांत्यपूर्व फेरी सुरू झाली. भाऊबीजेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्य सामने झाले. ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि कोलंबिया अंतिम सामन्यात समोरासमोर आले. कोलंबियाचा कुठलाही संघ फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

सामना बराच वेळ शून्य-शून्य राहिला. ८२व्या मिनिटाला कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान हिच्याकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. त्यानंतर गोल झालाच नाही. स्पेन १-० ने जिंकून सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. गुझमान तेव्हा १७ वर्षांची होती. आपल्या देशाला पहिल्यांदाच मिळालेली एवढी मोठी संधी तिच्या नावावर लागलेल्या एका गोलाने गेली आणि ते सगळ्या जगाने पाहिलं.

कोलंबियात स्वयंगोल ही साधी गोष्ट नाही. २२ जून १९९४ रोजी पुरुषांच्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या त्यांच्या बचावपटूकडून अमेरिकेविरुद्ध असाच गोल झाला. कोलंबिया तो सामना २-१ ने हरला आणि पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर गेला. एस्कोबार मायदेशी परतला. २ जुलैला मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. तो अवघ्या २७ वर्षांचा होता. सगळ्या देशाला त्याचं दुःख झालं, पण पुढचा सामना त्याला कधीच मिळाला नाही.

गुझमानला मिळाला. दहाच महिने झाले असतील. ८ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नमध्ये महिलांच्या विश्वचषकाच्या बाद फेरीत कोलंबियाची गाठ जमैकाशी पडली. आता १८ वर्षांची झालेली गुझमान थोरल्यांच्या संघात होती. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच तिने लांबून चेंडू दिला आणि कातालिना उस्मेने तो जाळ्यात टाकला. त्या सामन्यातला तो एकमेव गोल. त्याच्या जोरावर कोलंबियाच्या महिला पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेल्या.

या गोष्टीचं तात्पर्य ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असं काढणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. गुझमानने प्रयत्न केले हे खरंच. पण दहा महिन्यांनी तिचं नाव संघाच्या यादीत लिहिणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी होता. हरलेल्या माणसाची जिद्द आपण नेहमी वाखाणतो. त्याला पुन्हा मैदानात उतरू देणाऱ्यांची नीती मात्र कुणी मोजत नाही. पहिली गोष्ट त्या मुलीच्या हातातली आहे, दुसरी आपल्या. आणि चूक माफ करणं म्हणजे ती चूक नव्हतीच असं म्हणणं नव्हे. गोल तिच्या नावावर लागला, तो तसाच राहील. तिच्याबद्दलचा शेवटचा निकाल मात्र त्या गोलावरून लागला नाही.

भारतातल्या त्या स्पर्धेत नायजेरियाच्या मुलींचं जे झालं, तेही बघण्यासारखं आहे. २१ ऑक्टोबरला त्यांनी अमेरिकेला पेनल्टीवर हरवलं. २६ला कोलंबियाकडून पेनल्टीवरच हरल्या, तेही ६-५ असं अगदी काठावर. आता निव्वळ बाद पद्धत असती तर त्यांनी सामान बांधलं असतं. पण विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी आणखी एक सामना ठेवलेला असतो. ३० तारखेला त्यांनी जर्मनीशी ३-३ बरोबरी केली आणि पुन्हा पेनल्टीवरच जिंकल्या. या वयोगटात नायजेरियाला मिळालेलं ते पहिलं पदक. चार दिवसांपूर्वी ज्या ठिकाणाहून चेंडू मारताना त्या हरल्या होत्या, तशाच ठिकाणी त्यांना पुन्हा उभं केलं गेलं. काहींना हा सामना निरर्थक वाटतो. मला तो स्पर्धेतला सगळ्यात शहाणा सामना वाटतो. नियम करणाऱ्यांनी त्यात हरलेल्यांची सोय केलेली असते.

आपल्या मुलींचं काय झालं? यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. एकही गोल न करता संघ गटातूनच बाहेर पडला. कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराँव. तिच्या मानासाठी तिच्या गावात रस्ता बांधायला घेतला आणि त्याच रस्त्यावर तिचे आई-वडील मजुरीला होते, ही बातमी तेव्हा बऱ्याच जणांनी वाचली असेल. आकडे बघून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की आठ गोल खाल्ल्यावर तीन दिवसांनी त्याच मुली पुन्हा मैदानात उतरल्या. गटात प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात म्हणून ते शक्य झालं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये याच वयोगटातल्या भारताच्या नव्या संघाने बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ ने हरवून आशियाई चषक स्पर्धेत जागा मिळवली.

२०२२ च्या त्या विश्वचषकामागची मोठ्यांची कथाही विसरू नये. भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार इतका विस्कटला होता की ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने त्याला निलंबित केलं. स्पर्धा भारतातून जाण्याची वेळ आली. २६ ऑगस्टला निलंबन उठलं, म्हणजे मोठ्यांना दोन आठवड्यांच्या आत दुसरी संधी मिळाली. त्याआधी २०२० साली हीच स्पर्धा भारतात व्हायची होती, ती करोनामुळे रद्द झाली. यजमानपद २०२२ साठी पुन्हा भारताकडेच राहिलं, पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली तोवर वयात बसेनाशा झाल्या. दोष कुणाचा नव्हता, तरी संधी गेली ती मुलींचीच. संस्था थांबू शकतात. सोळा-सतराचं वय कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्या वयातली दुसरी संधी वेळेतच द्यावी लागते.

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. नवी मुंबईच्या मैदानावर खेळलेल्या मुली २००५ पासून पुढे जन्मलेल्या, म्हणजे याच गणनेतल्या मुलींच्या वयाच्या. जिजाऊंच्या माहेरच्या जिल्ह्यातल्या या पिढीची बाद फेरी जन्माच्या आधीच खेळून झाली होती, आणि ती दवाखान्यात, बंद दाराआड झाली. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला आपण दर्शनाच्या रांगेत उभे राहतो. रांगेत कधी तरी हा ८५५ चा आकडाही मनात यायला हवा.

ज्या जन्माला आल्या, त्यांच्यासाठी घरोघरी दुसरी फेरी असते. दहावीला मुलगा गणितात राहिला तर घरात आठवडाभर आरडाओरड होते. मग पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला जातो. तीही गेली तर त्यापुढच्या परीक्षेचा फॉर्म आहे. पुढे मेहकरला किंवा जालन्याला क्लास आहे, भरतीची तयारी आहे, संभाजीनगर किंवा पुण्यात खोली करून एक, दोन, तीन प्रयत्न आहेत. ‘पुढच्या वेळी निघेल’ हे वाक्य आपण त्याच्यासाठी न थकता म्हणतो. त्याच घरातली मुलगी एका विषयात राहिली की ओसरीवर आवाज येतो, “झालं तितकं लय झालं, आता तिले कायले शिकवता?” दिवाळी होते न होते तोच पाहुणे येऊ लागतात. पुरवणी परीक्षा तिच्यासाठीही असते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पासही असतो. सरकारच्या कागदावर तिला पुढचा सामना आहे, आपण तिला मैदानावर पाठवत नाही.

पास झालेल्या मुलीची गोष्टही फार वेगळी नसते. तिच्यावर एक अलिखित अट असते, की सगळं नीट चाललं तोवरच शिकायचं. बसमध्ये कुणी छेडलं, गावात कुणी काही बोललं, मार्क थोडे घसरले, यातलं काहीही एकदा घडलं की खेळ संपतो. त्यामुळे ती छेडछाड घरी सांगत नाही. दोष दुसऱ्याचा असला तरी बाद आपणच होणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. जिथे एका चुकीने सगळं जातं, तिथे माणूस चुका लपवायला शिकतो, आणि लपवलेली चूक कुणालाच सुधारता येत नाही. मुली आम्हाला विश्वासात घेत नाहीत, ही तक्रार मग कुणाबद्दल करायची?

यावर एखादा बाप म्हणेल, आणि ते खोटं नाही, “तुम्हाला लिहायला काय जातं? कोरडवाहू तीन एकर आहे, सोयाबीनला भाव नाही. जिजामाता साखर कारखाना बंद पडला, तो पडलाच. दोघांना दोन-दोनदा संधी द्यायला पैसा कुठून आणू?” हे म्हणणं टाळून पुढे जाता येणार नाही. टंचाई खरी आहे आणि बाद पद्धत टंचाईतूनच येते. पण कबड्डीच्या सामन्यांत निदान एक न्याय असतो, नियम दोन्ही बाजूंना सारखा असतो. एक संघ हरला की घरी आणि दुसरा तीनदा हरला तरी मैदानात, असं ठरवलं तर गावात त्याच दिवशी मारामारी होईल. घरात असा नियम चालतो, कारण ज्या बाजूवर अन्याय होतो ती बाजू भांडत नाही, ती धुणं घेऊन नदीवर जाते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. पैसा कमी असेल तर संधी कमी द्या, पण दोघांना सारख्या मोजून द्या. आणि सगळ्या संधींना पैसा लागतही नाही. नापास झालेल्या मुलीला त्या संध्याकाळी जेवायला हाक मारायची, लग्नाचा विषय वर्षभर काढायचा नाही, गावातल्या शिक्षकाकडे एकदा तिच्यासोबत जायचं, कुणी छेडलं तर शाळा तिची नव्हे, त्या पोराची बंद करायची. यातल्या कशालाही बँकेचं कर्ज काढावं लागत नाही.

येत्या निकालाच्या दिवशी घरातल्या मुलीला ‘बस झालं आता’ म्हणण्याआधी बापाने, भावाने आणि आईनेही एक हिशेब करून पाहावा. तिच्या भावाला आजवर ‘पुढच्या वेळी बघू’ किती वेळा म्हटलं? जो आकडा येईल, तेवढे सामने तिचे अजून बाकी आहेत.