पटावरचीं थोडीं लेंकरें



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायांत प्रभूनें एका बालकास बोलावून शिष्यांच्या मध्यें उभें केलें. आणि त्याच अध्यायांत पुढें शंभरांतून चुकलेल्या एका मेंढराचा दृष्टांत सांगितला. बालक आणि मोजदाद हीं एकत्र कां आलीं, याचा उलगडा आम्हांस गांवच्या शाळेच्या दारांत झाला.

बीड जिल्ह्यांतील ज्या गांवांतून माणसें ऊसतोडीस जातात, तेथील जिल्हा परिषदेची एखादी लहान शाळा पाहावी. पटावर वीसहि नांवें नसतात. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बिऱ्हाडें निघालीं, म्हणजे आजीपाशीं ठेवलेलीं सहासात लेंकरेंच वर्गांत उरतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. पण एक गुरुजी मतदारयादीच्या कामास गेले, कीं चारहि इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यांत पडतात. 2023 सालीं राज्य सरकारनें वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. खर्चाचा हिशेब आम्हांसहि समजतो. परंतु ओढ्यास पूर आला असतां सहा वर्षांच्या मुलीनें दूरची शाळा कशी गांठावी, हें त्या हिशेबांत कोठें मांडावें? सरकार प्राथमिक शिक्षणाची हेळसांड करतें, ही तक्रार जोतीराव फुले यांनीं 1882 सालींच हंटर कमिशनपुढें मांडली होती.

तथापि सर्व दोष सरकारच्या माथीं मारणें खरेपणाचें होणार नाहीं. पट कोणीं घटविला? तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी सकाळीं गांवांत येते, आणि तींत आपल्याच मंडळीचीं मुलें चढतात. आमचा नातूहि चढत असे, हें कबूल केलें पाहिजे. ज्यांस फी झेपली त्यांचीं मुलें गेलीं. आणि त्यांच्याबरोबर, साहेबापुढें उभे राहून बोलूं शकणारे पालकहि गेले. आतां छप्पर गळो कीं पाण्याची टाकी कोरडी पडो, अर्ज कोणीं लिहावा?

त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. पण ते पालक उसाच्या फडांत असतात. एका आजीस आम्हीं विचारलें, "आजी, तुम्ही कां बसत नाहीं?" ती म्हणाली, "बाबा, मला सही येत नाहीं, तिथं मी काय बोलूं?"

येत्या बैठकीस तिच्या सोबतीला मंडळींतील कोणती शिकलेली बहीण जाईल, हें रविवारीं उपासनेनंतर आम्ही विचारणार आहों.