थकल्या जिवाला भाकर

मालेगावात सकाळी रात्रपाळी सुटते. यंत्रमागाची खडखड कानात तशीच घुमत असते, पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असतात. मोसम पुलावरून माणसं घराकडे निघतात. काहींच्या घरी वाट पाहणारं कुणीच नसतं.

अशाच एका थकलेल्या माणसाची गोष्ट बायबलमध्ये आहे. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितलं. देव त्याच्यावर रागावला नाही. एलिया झोपला. देवदूताने त्याला हलवून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने त्याला परत उठवून खाऊ घातलं. आधी झोप, भाकर, पाणी, काम त्यानंतर. देवाची ही माया मला फार जवळची वाटते.

असाच एकटेपणा सोसला तो आपल्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी. 1895 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या लहानग्या मुलासह, दत्तूसह, एकट्या पडल्या. काही वर्षं ताटातुटीत गेली. पुढे संसार पुन्हा जुळला, त्याही ख्रिस्ती झाल्या. तो एकटेपणा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कुणाबद्दलही कडवटपणा न ठेवता लिहिला.

तुमच्या गल्लीतही कुणी एकटं असेल. आज डब्यात एक भाकर जास्त ठेवा, दार वाजवा, क्षणभर टेका. आणि ते एकटं माणूस तुम्हीच असाल, तर दार उघडं ठेवा. येशू थकल्याभागल्यांनाच जवळ बोलावतो.